खांद्याचं बाळंतपण

फिजिओथेरपीच्या खोलीत किस्से साचतात, त्याला कारण आहे. पेशंटच्या खांद्यावर शेकाची पिशवी ठेवली की त्याला हलता येत नाही, आणि हलता न येणारा माणूस बोलायला लागतो. त्याच्यासोबत आलेला माणूस तर त्याहून जास्त बोलतो! मी सोलापुरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओ आहे. पेशंटला बरं करणं हे माझं काम, ते जमतं. सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांना बरं करणारं मशीन मात्र अजून निघालेलं नाही.

मैत्रिणी म्हणतात, "ऋतुजा, तू फार लवकर तापतेस." मी म्हणते, आधी अश्विनीचे किस्से ऐका, मग बोला.

अश्विनी सांगोल्याकडची. घरी डाळिंबाची बाग, चार शेरडं आणि आबा. आबा म्हणजे तिचे आजोबा. डोक्याला पांढरा पटका, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावातला माणूस 'ओ' देईल. अश्विनी ग्रॅज्युएट झालेली, पोलीस भरतीच्या मागे लागलेली. पळण्यात पुढे, गोळाफेकीत त्याहून पुढे. पण कॉलेजात कबड्डी खेळताना तिचा उजवा खांदा निसटला, आणि मग त्या खांद्याला निसटायची चटकच लागली. कधी बादली उचलताना, कधी झोपेत कूस बदलताना. भरतीच्या मैदानावर निसटला तर सगळंच संपलं. म्हणून ऑपरेशन.

ऑपरेशन खांद्याचं झालं. त्रास मला झाला!

*

ऑपरेशनचा निर्णय झाला तो एसटीत.

अश्विनी आणि आबा सोलापूरला येत होते. बसच्या वरच्या फळीवर पिशवी ठेवायला अश्विनीने हात वर केला आणि खांदा निसटला. हात अर्धवट वरच अडकला. तोंडातून आवाज फुटेना. कंडक्टरने तो उचललेला हात पाहिला, त्याला वाटलं हिला उतरायचंय. त्याने टण्‌कन बेल मारली. गाडी माळावर उभी!

"उतरा लवकर!" कंडक्टर.

अश्विनी डोळ्यांत पाणी आणून नुसती मान हलवतेय. पुढच्या सीटवरून आबा मागे वळले, माळाकडे पाहिलं, चहाची टपरी दिसली आणि म्हणाले, "थांबलीच हाय तर एक च्या घिऊ की."

मग गाडी हलली, अडकलेल्या हाताला हिसका बसला आणि अश्विनी जी ओरडली, तेव्हा त्यांना काय झालंय ते कळलं आणि चहा राहिला बाजूला. अश्विनी सांगते, त्या दिवशी दवाखान्यापर्यंत आबांनी पटक्याच्या शेवाने तिचं तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला इतक्या शिव्या घातल्या की गाडी नुसती शिव्यांवर पळत होती.

*

आमचे मोठे सर म्हणजे हाडांचे सर्जन. हात चांगला, बोलणं थोडकं. त्यांनी आबांना समजावलं, "खांद्याच्या वाटीची कड फाटलीये, भोवतीचं आवरण सैल पडलंय. ते शिवून घट्ट करून देतो."

आबांना शेतीतलं सगळं कळतं, त्यामुळे इतर सगळंही आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत आहे. ते म्हणाले, "चांगलं आवळा डाक्टर. गाडीवर कडबा आवळत्यात तसं. परत हललं न्हाय पायजे!"

सर म्हणाले, "नाही हलणार."

मी कोपऱ्यात उभी. मला राहवेना. मी म्हटलं, "आबा, हललं तर पाहिजेच! खांदा आहे तो. सैल असला तर निसटतो आणि जास्त घट्ट झाला तर वळत नाही. ऑपरेशननंतर हात बाहेरच्या बाजूला वळायला आधी कमीच होतो. तो व्यायामाने परत आणावा लागतो. म्हणून आठवड्याने माझ्याकडे यायचं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "ही पोरगी कोन म्हनायची?"

*

आठवड्याने कोणी आलं नाही. महिन्यानेही नाही. फोन केला की अश्विनीची आत्या उचलायची आणि "आराम चाललाय" म्हणून ठेवून द्यायची. आत्या नवी पेठेच्या मागच्या गल्लीत राहतात. ऑपरेशननंतर अश्विनी त्यांच्याकडेच होती. तिथे काय चाललं होतं ते मला फार नंतर, शेकाच्या पिशवीखाली कळलं.

झालं असं की पोरीचं ऑपरेशन झालं म्हणजे पुढे काय करायचं, हा प्रश्न घरात पडला. बाईमाणूस दवाखान्यातून घरी आल्यावर काय करायचं असतं, याचा या घराला एकच अनुभव होता. त्यांनी तोच वापरला. अश्विनीचं बाळंतपण केलं!

सव्वा महिना खोलीबाहेर पाय टाकायचा नाही. कानाला फडकं. पंखा बंद. रोज शेपूची भाजी. डिंकाचे लाडू. संध्याकाळी ओव्याची धुरी. दवाखान्याने दिलेली निळी झोळी आत्यांना हलकी वाटली. आत्यांचे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात कामाला, घरात टॉवेलांना तोटा नाही. आत्यांनी जाड टर्किश टॉवेलची झोळी शिवली, तिला मागून दोन नाड्या लावल्या. त्या झोळीत हात असा गच्च बसायचा की खांद्याला आपण आहोत याचाच विसर पडावा.

गल्लीत धुरीचा आणि शेपूचा वास सुटला. समोरच्या काकू डोकावून गेल्या. कान बांधलेली तरणी पोर, हातात डिंकाचा लाडू, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी! दुसऱ्या दिवशी काकू पदराखाली झबलं-टोपडं घेऊन आल्या. दार लोटून घेतलं आणि आत्यांच्या कानात म्हणाल्या, "जे झालं ते झालं. आता लेकराचं बघा."

आत्या अशा ओरडल्या की आख्खी गल्ली दारात आली, "खांदा हाय वो, खांदा!"

झबलं काकूंनी परत नेलं. टोपडं अजून आत्यांकडेच आहे.

*

सव्वा महिना झाला. तेव्हा आबा म्हणाले, "येवडं केलंय, तर आपुन अजून थोडं घालू. जास्तीचं काय वाया जातंय व्हय?" म्हणून बाळंतपण पुढे वाढवलं. अश्विनी माझ्यासमोर आली तोवर तिच्या कबड्डीच्या टीममधल्या सगळ्या मैत्रिणी मैदानावर भरतीचा सराव करत होत्या, आणि भरतीची जाहिरात कधीही येईल अशी हवा होती.

मी टॉवेलच्या नाड्या सोडायला हात पुढे केला.

"हात लावू नगंस तिला!" आबा गरजले. शेजारच्या कॉटवरच्या गुडघेदुखीच्या आजी दचकून उठून बसल्या. इतके दिवस त्यांना उठता येत नव्हतं!

"आबा, मी हात न लावता खांदा कसा तपासू?"

"बगून तपास."

शेवटी अश्विनीनेच नाड्या सोडल्या. मी तिला सांगितलं, कोपर बरगडीला चिकटव आणि पुढचा हात दार उघडतात तसा बाहेर ने. डाव्या हाताचं दार सताड उघडलं. उजव्या हाताचं दार किलकिलं झालं आणि थांबलं. बाहेर दूधवाला आला की आत्या जेवढं उघडतात तेवढंच. अश्विनीने दात आवळून आणखी जोर लावला तर सगळं धडच वळलं. हात आहे तिथेच.

ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, यात गोळा कुठं बसणार?"

मी तडक सरांच्या केबिनमध्ये. सर म्हणाले, "खांदा परत निसटला का?"

"नाही सर."

"मग ऑपरेशन सक्सेसफुल."

"सर, तो निसटत नाही, कारण तो हलतच नाही! चोर येऊ नये म्हणून दाराच्या जागी भिंतच बांधली तर घरचे येणार कुठून?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी शिवलंय त्यात काही चूक नाही. बाकीचं तुझं काम. कर."

माझ्या अख्ख्या नोकरीत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रोत्साहन आहे.

*

मध्येच इम्रानचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल झोळी बांधायचा आजार सगळ्यांनाच असतो. इम्रान जिममध्ये जाणारा, दंड माझ्या मांडीएवढे. त्याचंही हेच ऑपरेशन, त्याच महिन्यात, त्याच सरांनी केलेलं. त्याच्या घरी दुकान आहे आणि दुकानाला शटर. तो टाके सुकायच्या आत झोळी काढून माझ्यासमोर हजर, खांदा सुजलेला.

"काय केलंस?"

"मॅडम, अम्मी बोली, डॉक्टर कसरत बोले ना? शटर उठाना भी कसरतीच है!"

म्हणजे बघा. ऑपरेशन एकच. मुलगा असेल तर पाचव्या दिवशी शटर, मुलगी असेल तर सव्वा महिना शेपू. त्याला मी झोळी बांधायला ओरडत होते आणि हिला सोडायला. दोघांच्या घरच्यांचं माझ्याबद्दल मात्र एकमत होतं, की या पोरीला काही कळत नाही.

*

अश्विनी रोज यायला लागली. सोबत आबा, आणि कधी आत्या. हात हळूहळू पुढून वर जायला लागला. एके दिवशी तिने दोन्ही हात जोडून माझी थट्टा म्हणून मला नमस्कार केला. आबा खुर्चीतून उठलेच.

"नमस्कार जमला! झालं की मग. चला."

"कुठे चला?"

"घरी. नमस्कार व्हतुय, अजून काय पायजे?"

आत्यांनी भर घातली, "काल भाकरी पण थापली बगा मॅडम तिनं. पापडावानी पातळ!"

मी हातातली रबराची पट्टी खाली ठेवली. या लोकांच्या हिशेबात पोरीच्या खांद्याला दोनच हालचाली असतात, नमस्कार करणं आणि भाकरी थापणं. दोन्हींना हात बाहेर वळवावा लागत नाही. करमाळ्याचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, तेही याच दोन हालचाली बघून जाणार होतं.

"आणि गोळा?" मी विचारलं.

"गोळ्याचं काय घिऊन बसलीस पोरी," आबा म्हणाले. "लगीन झाल्यावर गोळा कुनावर फेकायचा हाय तिनं?"

"वेळ काय सांगून येतेय आबा?" कॉटवरून अश्विनी म्हणाली.

गुडघेदुखीच्या आजी इतक्या हसल्या की त्यांचा शेक दुसऱ्यांदा लावावा लागला.

*

घरी करायचा व्यायाम मी सांगितला होता तो साधा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, हात पोचला तिथे पेन्सिलीची खूण करायची. दोन-चार दिवसांत आत्यांनी भिंतीवर चुना मारला. "पावनं येणार व्हते. भिताडावर रेघोट्या बऱ्या दिसत्यात का?"

अश्विनीने स्वयंपाकघरातला साखरेचा डबा उचलला आणि हात पोचतो त्या फळीवर ठेवला. मग त्याच्या वरच्या फळीवर. हात जसजसा वर जाईल तसतसा डबाही वर. आत्या उंचीने माझ्या खांद्याला लागतात. डबा शेवटून दुसऱ्या फळीवर गेला त्या दिवशी आत्या तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या.

"मॅडम, तुमचा व्यायाम थांबवा. पोरीचा हात वर चाललाय आन्‌ माजा च्या अगोड चाललाय!"

*

हात वर जायला लागला. बाहेर वळणं मात्र अडून बसलेलं. जाहिरात आली, फॉर्म भरला गेला, मैदानाची तारीख जवळ यायला लागली. शेवटचा टप्पा ताणायचा होता, आणि ताणताना दुखतं. अश्विनी कण्हायची. ती कण्हली की आबा माझा हात धरायचे. एक दिवस त्यांनी जाहीर करूनच टाकलं, "उद्यापास्नं येनार न्हाय आमी. हाय त्येवडा हात बास हाय."

मी तापलेच. म्हटलं, "आबा, पटका सोडा."

आबांचा पटका कोणी सुटलेला पाहिलेला नाही. अश्विनी म्हणते, ते झोपतात तेव्हाही तो उशाशी बसून पहारा देतो.

"का?"

"सोडा आणि परत बांधा. फक्त दोन्ही कोपरं बरगडीला चिकटवून. उचलायची नाहीत, बाहेर न्यायची नाहीत."

आबा हट्टी. पोरगी आपल्याला आव्हान देतेय म्हटल्यावर त्यांनी सोडलाच! कोपरं अंगाला चिकटवली, कापडाचं टोक डोक्याकडे उडवलं. ते कपाळावर पडलं. दुसऱ्यांदा नाकावर. मग आख्खा पटका घसरून गळ्यात आला आणि आबा त्यातून बाहेर बघत राहिले.

"आसं कुनी बांधतं व्हय?" ते चिडून म्हणाले.

"नाही बांधत. पण अश्विनीने गोळा असाच फेकावा असं तुमचं म्हणणं आहे."

कोणी हसलं नाही. आबांनी पटका गोळा करून काखेत मारला आणि बोडक्या डोक्याने बाहेर गेले. जाताना दारात थांबले, पण माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "तिचं वराडनं मी ऐकलंय, पोरी. तू न्हाय ऐकलेलं. त्या यस्टीत."

मी ताणायची पट्टी गुंडाळून ठेवली आणि त्या दिवशी अश्विनीला तशीच घरी पाठवली.

दुसऱ्या दिवशी अश्विनी एकटी आली. आबा गावी गेले होते.

*

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "हात पूर्वीइतका बाहेर वळणार नाही. थोडा कमीच राहील. घट्ट शिवलेलं आहे आणि मधले दिवस टॉवेलात गेले."

तिने विचारलं, "गोळ्याला सगळा लागतो का?"

मला माहीत नव्हतं. तिच्या सरावाच्या सरांना आम्ही दोघींनी जाऊन विचारलं. ते मैदानावरचे पंचावन्नचे गृहस्थ, म्हणजे पुन्हा एक वडीलधारे, म्हणून मी आधीच बाह्या सरसावून गेले होते. त्यांनी अश्विनीचा खांदा शांतपणे बघितला आणि म्हणाले, "कोपर जरा खाली ठेवू. पायातून जास्त जोर काढू. जमेल."

एवढंच! भांडायचं राहूनच गेलं. घरी येईपर्यंत मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

*

मैदानाच्या दिवशी सकाळी मी गेले. उमेदवारांची रांग फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत. थंडीत कुडकुडणाऱ्या पोरी, त्यांच्या पिशव्या सांभाळणारे घरचे. आत्या लाडू घेऊन आलेल्या, डिंकाचेच. अश्विनी रांगेत, चेहरा पांढराफटक, उजवा खांदा सारखा डाव्या हाताने चाचपतेय.

"ताई, रात्रीत घट्ट झाला असेल तर?"

"नाही झाला."

"आत गेल्यावर निसटला तर?"

तेवढ्यात समोरून आबा आले. पहाटेच्या गाडीने आले असणार. डोकं बोडकं, आणि हातात पटका. आत्यांनी तोंडावर हात ठेवला. भर रस्त्यात, शंभर माणसांत आबा बोडके!

ते अश्विनीसमोर आले, पटका तिच्या हातात दिला, तिच्याकडे पाठ केली आणि ताठ उभे राहिले.

"बांध."

"आबा, आता? माझा नंबर येईल..."

"बांध म्हनतो न्हवं."

अश्विनीने दोन्ही हात वर केले. आबा उंच, त्यामुळे तिला कोपरं चांगलीच उचलावी लागली. पहिला फेर. दुसरा फेर. उजवा हात त्यांच्या डोक्यामागून बाहेर काढताना ती क्षणभर थांबली. हात वळला. आबा समोर तोंड करून उभे होते, डोळे गच्च मिटून, दर फेराला कान देऊन. ती कण्हते का ते ऐकत. ती कण्हली नाही. तिने शेव खोचला.

पटका असा वाकडा झाला होता की एका बाजूला कान गायब आणि दुसऱ्या बाजूला निम्मं टक्कल उघडं!

आबांनी हाताने चाचपून बघितलं. "दुखलं का?"

"न्हाय."

"मग जा. फेक."

फाटक उघडलं. आम्ही जाळीला नाक लावून उभे. पहिल्या वेळी तिचा पाय रेषेबाहेर गेला, ते बाद धरलं. दुसऱ्या वेळी गोळा जवळच पडला. ती परत वर्तुळात आली, मान वळवून जाळीकडे पाहिलं, गोळा गळ्याशी लावला, कोपर जरा खाली घेतलं. मग तिचा जो आवाज निघाला तो मी दवाखान्यात कधी ऐकला नव्हता. गोळा गेला तो निशाणाच्या पलीकडे जाऊन मातीत रुतला. खांदा जागच्या जागी!

मी सरांना फोन केला. सरांनी पहिलं विचारलं, "निसटला नाही ना?"

अश्विनी बाहेर आली ती पळतच. आत्या रडत लाडू वाटत होत्या, ओळख नसलेल्या पोरींनाही. सगळे आबांकडे बघून हसत होते. तो पटका तोवर आणखी सरकून एका डोळ्यावर आला होता. आत्यांना शेवटी बघवेना. डोळे पुसत त्या पुढे झाल्या, टाचा उंचावल्या आणि पटका सरळ करायला हात वर नेला.

आबा एक पाऊल मागे सरकले.

"हात लावू नगंस!"